दोस्तांची पलटण आणि सोमची सकाळ: लीड्स पाल्स प्रकरण नेमकं काय होतं

आधी एक गंमत सांगतो, मग मूळ विषयाकडे येतो. मेजर बूथ नावाचा एक माणूस होता आणि तो मेजर नव्हता. म्हणजे आईबापांनी नावच 'मेजर' ठेवलेलं, मेजर विल्यम बूथ. यॉर्कशायरचा बॉलर, १९१३ च्या सीझनमध्ये १८१ विकेट काढल्या, त्याच वर्षाच्या शेवटी इंग्लंडकडून दक्षिण आफ्रिकेत टेस्ट खेळला, आणि पुढच्या वर्षी विस्डेनच्या (हे क्रिकेटचं मानाचं वार्षिक) वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये नाव. फौजेत भरती झाला तेव्हा सार्जंट झाला, मग सेकंड लेफ्टनंट. म्हणजे हुद्दा लेफ्टनंट, नाव मेजर, विचार करा हजेरी घेताना काय धमाल होत असेल.

हा बूथ पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीजवळच्या लढाईत गेला, आणि तो ज्या पलटणीत होता तिची ही गोष्ट. लीड्स पाल्स. कागदावरचं नाव लांबलचक, वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटची १५ वी बटालियन, पण सगळे पाल्सच म्हणायचे. पाल म्हणजे दोस्त, यार.

सोमबद्दल मराठीत जे काही फिरतं ना, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची कायम खिचडी झालेली दिसते. एक, ही हौशी पोरांची फौज होती म्हणून मेली. दोन, एकेका गावाची अख्खी पिढी गेली. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे, पहिली बहुतांशी खोटी, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. तेवढंच नीट सोडवून सांगायचा हा प्रयत्न.

सुरुवात भरतीपासून. ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरला तेव्हा युरोपातल्या बाकी मोठ्या देशांकडे सक्तीची लष्करी सेवा होती, म्हणजे फ्रान्स-जर्मनीत लाखो धडधाकट पोरं दोन-तीन वर्षं फौजेत काढून बाहेर यायची. ब्रिटनकडे तसं काही नव्हतं. त्यांची भिस्त आरमारावर, पायदळ छोटं, पगारी आणि तेही निम्मं जगभर पसरलेलं, त्यातलं बरंचसं आपल्याकडेच छावण्यांमध्ये. युद्धमंत्री झाला लॉर्ड किचनर, हो तोच, जो आधी हिंदुस्थानात सरसेनापती होता आणि ज्याचं कर्झनशी जोरदार वाजलं होतं. बाकी सगळे म्हणत होते ख्रिसमसपर्यंत संपेल, हा म्हणाला किमान तीन वर्षं चालेल आणि लाखोंची फौज लागेल, आणि पहिल्या झटक्यात एक लाख स्वयंसेवक मागितले.

आता स्वयंसेवक हा शब्द आपल्याकडे ऐकला की वेगळंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, म्हणून सांगतो, इथे अर्थ इतकाच की सक्ती नाही, स्वतःहून सही करून आलेला. पगार मिळायचा, शिस्त पूर्ण लष्करी, आणि एकदा सही केली की युद्ध संपेपर्यंत सुटका नाही.

पण ऑफिसात बसणारा क्लार्क एकटा उठून फौजेत कशाला जाईल? अनोळखी माणसं, अनोळखी बराक, कुठल्या कुठे नेऊन टाकतील. यावर तोडगा निघाला तो साधा आणि भलताच परिणामकारक: दोस्तांना एकत्र भरती करा आणि एकत्रच ठेवा. लंडनच्या शेअरबाजारवाल्यांची एक पलटण ऑगस्टमध्येच उभी राहिली. लिव्हरपूलला लॉर्ड डर्बीनं ऑगस्टच्या शेवटी सभा घेऊन हाच शब्द वापरला, पाल्सची बटालियन, आणि तिथे काही दिवसांत एक नाही, तीन पलटणी भरल्या. मग काय, लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, बार्न्सली, मँचेस्टर, अ‍ॅक्रिंग्टन, प्रत्येक शहराला आपली पलटण पाहिजे. आपल्याकडे शेजारच्या मंडळानं मोठी मूर्ती आणली की आपल्या मंडळाला चैन पडत नाही, तसलाच प्रकार.

लीड्स म्हणजे कापडाचं आणि शिवणकामाचं शहर. तिथला महापौर एडवर्ड ब्रदर्टन हा रसायनांच्या धंद्यातला गडगंज माणूस, त्यानं पलटण उभी करायचा आणि सजवायचा खर्च मी देतो म्हणून सांगून टाकलं. (लीड्स विद्यापीठातली ब्रदर्टन लायब्ररी याच्याच नावाची.) सप्टेंबर १९१४ मध्ये भरती सुरू झाली, ट्रामगाडीला दिवे आणि पाट्या लावून शहरभर फिरवली, आणि आठवड्याभरात हजाराच्या वर पोरं. सुरुवातीची जाहिरातच मुळी ऑफिस-दुकानवाल्या मध्यमवर्गीय पोरांसाठी होती, म्हणून यात क्लार्क, मास्तर, वकिलांकडचे उमेदवार, इंजिनियर, आणि खेळाडू बरेच. बूथ होता, यॉर्कशायरचाच रॉय किल्नर होता, एव्हलिन लिंटॉट होता, हा इंग्लंडकडून खेळलेला फुटबॉलर आणि पेशानं मास्तर. महिनाअखेरीला पलटण लीड्सहून निघाली तेव्हा स्टेशनावर तोबा गर्दी. गेले कुठे, तर जवळच्याच डोंगराळ कोल्स्टरडेलला, तंबूत, चिखलात, कवायतीला.

इथे पलटण म्हणजे किती माणसं ते सांगून टाकतो कारण याशिवाय पुढचे आकडे कळत नाहीत. पायदळाची एक बटालियन, म्हणजे आपल्या जवानांच्या भाषेत पलटण, साधारण हजार माणसं. तिच्या चार कंपन्या. अशा चार पलटणी मिळून त्या काळी एक ब्रिगेड, तीन ब्रिगेड आणि तोफा-बिफा धरून एक डिव्हिजन, सतरा-अठरा हजार लोक. लीड्स पाल्स ९३ व्या ब्रिगेडमध्ये, सोबत ब्रॅडफर्डच्या दोन पाल्स पलटणी आणि एक डरहमची. वरची डिव्हिजन ३१ वी, तिच्यात शेजारच्या ब्रिगेडला शेफील्ड, बार्न्सली, अ‍ॅक्रिंग्टन. म्हणजे बघा, उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांचा नकाशाच उचलून एका डिव्हिजनमध्ये ठेवलेला.

आणि या लीड्सवाल्यांत एक बंगाली होता. जोगेंद्रनाथ सेन, चंदननगरचा. १९१० ला शिकायला लीड्सला आला, १९१३ ला तिथल्या विद्यापीठाची इंजिनियरिंगची डिग्री घेतली, शहराच्या वीज केंद्रात नोकरीला लागला आणि पलटण निघाली तशी पहिल्याच दिवसांत भरती झाला. पोरं त्याला जॉन सेन म्हणायची. त्याच्याबरोबरच्या एका शिपायानं म्हातारपणी सांगून ठेवलंय की पलटणीत सगळ्यात शिकलेला हाच, सातेक भाषा यायच्या, पण कातडीच्या रंगामुळे त्याला साधा लान्स कॉर्पोरलसुद्धा (शिपायाच्या लगेच वरचा हुद्दा) होऊ दिलं नाही. ज्या पलटणीत क्लार्क लोक अधिकारी होत होते तिथे डिग्रीवाला इंजिनियर शेवटपर्यंत शिपाई. सोमच्या लढाईला महिनाभर बाकी असताना, २२ मे १९१६ च्या रात्री, खंदकांसमोर तोफगोळ्याच्या तुकड्यांनी तो गेला. कॉलिंकँप गावाजवळच्या स्मशानभूमीत त्याची कबर आहे, आणि त्याचा फुटका चष्मा चंदननगरच्या म्युझियममध्ये आहे.

तर मधली दीड वर्षं पटकन. ट्रेनिंग, मग डिसेंबर १९१५ ला बोटीनं इजिप्त, सुएझ कालव्यावर वाळूत पहारा, तिथे तुर्कांशी फारसं काही झालंच नाही, मार्च १९१६ ला तिथून फ्रान्स.

आता मोठी चढाई. सोम ही उत्तर फ्रान्समधली संथ नदी. १९१५ च्या डिसेंबरात दोस्तराष्ट्रांनी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी सगळ्या बाजूंनी एकदम दाबायचं, आणि फ्रेंच व ब्रिटिश हद्दी जिथे जुळतात तिथे, म्हणजे सोमवर, दोघांनी मिळून हल्ला करायचा. यात फ्रेंच मोठा भाऊ असणार होते. पण २१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मनांनी व्हर्दून या फ्रेंच तटबंदीच्या शहरावर झडप घातली आणि फ्रेंच फौज तिथेच पिळून निघायला लागली. त्यामुळे सोमवर फ्रेंचांचा वाटा कमी होत गेला, ब्रिटिशांचा वाढत गेला, आणि तारीख पुढे ढकलता येईना कारण व्हर्दूनवरचा दाब कमी करायचा तर लवकर काहीतरी करणं भाग. म्हणजे ज्या फौजेला तयार व्हायला अजून वर्ष मिळालं असतं तर बरं झालं असतं, तिलाच मुख्य काम. खुद्द किचनर हे बघायला राहिला नाही, ५ जूनला त्याची बोट जर्मन सुरुंगावर आपटून बुडाली.

प्लॅन कागदावर सरळ होता. सरसेनापती हेग, प्रत्यक्ष हल्ला करणारी चौथी आर्मी जनरल रॉलिन्सनची. २४ जूनपासून दिवसरात्र तोफांचा मारा, पंधरा लाखांहून जास्त गोळे, त्यानं काटेरी तारा तुटणार, खंदक ढासळणार, आतले जर्मन एकतर मेलेले नाहीतर वेडे झालेले, मग पायदळानं ओळीत जाऊन ताबा घ्यायचा. २९ जूनला निघायचं होतं, पावसामुळे दोन दिवस पुढे गेलं. शिपायाच्या पाठीवर रायफल, काडतुसं, बाँब, कुदळ-फावडं, वाळूच्या रिकाम्या पिशव्या, शिधा, पाणी धरून तीसेक किलो ओझं, कारण ताब्यात घेतलेला खंदक लगेच उलट्या बाजूनं बांधायचा होता ना.

कुठे फसलं? एक तर गोळ्यांत छर्ऱ्यांचे गोळे फार. असा गोळा हवेत फुटून खाली शिसाचे मणी उधळतो, उघड्यावरच्या माणसाला भयंकर, पण तारेचं जाळं त्यानं नीट तुटत नाही आणि जमिनीखाली तर काहीच होत नाही. दुसरं, घाईघाईनं वाढवलेल्या कारखान्यांतले कितीतरी गोळे फुसके निघाले, आजही तिथले शेतकरी नांगरताना ते बाहेर काढतात. तिसरं, तिथली जमीन खडूच्या खडकाची, जर्मन दीड वर्षं निवांत खोदत बसले होते, सात-आठ मीटर खाली, काही ठिकाणी त्याहून खोल, लाकडानं बांधलेल्या खोल्या. वर सात दिवस भूकंप चाललाय आणि खाली माणसं थरथरत, तहानलेली, पण जिवंत. मारा थांबला की जिन्यानं मशीनगन घेऊन वर यायला दोन-तीन मिनिटं. आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मागच्या जर्मन तोफांचा बंदोबस्त केलाच नाही. म्हणजे समोरच्या दाराशी धडका मारत बसलो आणि गच्चीवर दगड घेऊन उभे असलेले तसेच राहिले.

लीड्स पाल्सच्या वाट्याला आलं सेर नावाचं गाव, मुख्य हल्ल्याचं अगदी डावं टोक. ३१ व्या डिव्हिजनचं काम काय तर सेर घ्यायचं आणि तिथे वळून उभं राहायचं, बाकी सगळ्या हल्ल्याला डाव्या बाजूनं आधार द्यायचा, दाराच्या बिजागरीसारखं. गाव उंचावर, जर्मन वर, हे खाली, मध्ये उघडा चढ. त्यात अजून एक घोळ. थोडं दक्षिणेला हॉथॉर्न टेकडीखाली ब्रिटिशांनी सुरुंग पेरला होता, कित्येक टन दारू, तो हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी, ७ वाजून २० मिनिटांनीच उडवला. आणि त्या अख्ख्या कोअरच्या (काही डिव्हिजन मिळून एक कोअर) जड तोफाही तेव्हाच पुढच्या खंदकावरून उचलून मागे मारायला लागल्या. जर्मनांना याहून स्पष्ट निरोप काय पाठवणार? दहा मिनिटं मिळाली त्यांना.

लीड्सवाल्यांच्या खंदकांवर तर ते निघायच्या आधीच जर्मन तोफा सुरू झाल्या होत्या. पहिली लाट बाहेर पडून आपल्याच तारांपुढे आडवी पडली, साडेसातला शिट्ट्या वाजल्या, उठले, आणि उठल्या उठल्या समोरून-बाजूनं मशीनगन. बरेचजण आपल्याच तारांपर्यंत, काहीजण थोडे पुढे. मागच्या लाटा खंदकांत असतानाच तोफांनी चिरडल्या. पलटणीचे २४ अधिकारी आणि ५०४ शिपाई मेले किंवा जखमी झाले, त्यातले १५ अधिकारी आणि २३३ शिपाई मेले, आणि हे बहुतेक सगळं पहिल्या काही मिनिटांत. लिंटॉट तिथेच गेला. बूथ जखमी होऊन एका खड्ड्यात पडला, त्याच खड्ड्यात ब्रॅडफर्डच्या पलटणीतला एब वॉडिंग्टन जखमी होऊन आला, आणि बूथ त्याच्या हातात गेला. हा वॉडिंग्टन पुढे यॉर्कशायरकडून खेळला, इंग्लंडकडूनही खेळला, पण त्या खड्ड्यातून तो मनानं कधी पूर्ण बाहेर आला नाही म्हणतात. वाचलेल्यांपैकी एका शिपायानं हिशोब मांडून ठेवलाय: आम्हाला घडवायला दोन वर्षं लागली, मोडायला दहा मिनिटं.

त्या एका दिवसाचा ब्रिटिशांचा एकूण आकडा ५७,४७०. हा आकडा लोक मेलेल्यांचा म्हणून सर्रास टाकतात, तसं नाही, यात जखमी, बेपत्ता, कैद सगळे धरलेत. मेलेले १९,२४०. तेही एका दिवसाला कमी आहेत असं नाही, ब्रिटिश फौजेच्या इतिहासात यापेक्षा वाईट दिवस नाही.

आता तो पहिला मुद्दा, हौशी होते म्हणून मेले. याच दिवशी, याच हल्ल्याच्या उजव्या टोकाला, फ्रेंचांच्या शेजारी, मोंतोबाँ नावाचं गाव होतं. ते घ्यायचं काम ३० व्या डिव्हिजनचं, आणि तिच्यात कोण, तर लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या पाल्स पलटणी. तेच क्लार्क, तेच गिरणीवाले, जवळपास तेवढंच ट्रेनिंग, जवळपास तेवढाच अनुभव. त्यांनी ठरलेलं सगळं घेतलं, दुपारच्या आत गाव ताब्यात. फरक काय? तिथे तारा नीट तुटल्या होत्या, आणि शेजारच्या फ्रेंचांकडे जड तोफा भरपूर असल्यानं जर्मन तोफखाना आधीच गप्प झाला होता. शिवाय फ्रेंच पायदळ व्हर्दूनला शिकून आलेलं, ओळीत चालत नव्हतं, छोट्या टोळ्यांनी पळत पुढे जात होतं. उलटं उदाहरण पाहिजे तर बोमाँ-हामेल, सेरच्या खालीच, तिथे मुरलेल्या जुन्या पलटणीसुद्धा अशाच कापल्या गेल्या. मुरलेला असो की नवखा, तार न तुटलेल्या ठिकाणी दोघांचं सारखंच. अननुभव होता, नाही असं नाही, पण तो जास्त होता वरच्या लोकांचा, एवढी मोठी फौज आणि एवढा तोफखाना हाकायचा अनुभव ब्रिटनमध्ये तेव्हा कुणालाच नव्हता.

दुसरा मुद्दा मात्र थेट भरतीच्या पद्धतीतून आला. तोफेनं माणूस मेला, पण ते सगळे एकाच शहराचे का, तर एकत्र भरती केले म्हणून. नेहमीच्या पलटणीत अडीचशे माणसं मेली तर ती दुःखं पन्नास गावांत वाटली जातात. इथे अडीचशे वाईट बातम्या एकाच शहरात, त्याच ट्रामच्या रस्त्यावर, त्याच शाळेच्या बॅचला, त्याच चर्चला. आणि लगेच पण नाही. पहिले काही दिवस पेपरात चढाई छान चाललीय असंच येत होतं, मग हळूहळू जखमींची पत्रं, मग पेपरात फोटोंच्या रांगा. एका गल्लीत खिडक्यांचे पडदे ओढलेले (म्हणजे घरात सुतक) की कळायचं. आपल्याकडे हे समजायला फार लांब जायला नको, सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीत विचारा, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले असं गाव सांगतं. तिथे पाल्स नव्हते, पण घराघरातून फौजेत जायची रीत होती, आणि हिशोब शेवटी तोच.

बाय द वे, 'सोमवर मराठे होते का' हे कुणीतरी विचारणारच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात (आजचा इराक), त्यांचं कूत-अल-अमाराच्या वेढ्याचं प्रकरण वेगळंच आणि तितकंच भयानक. सोमवर हिंदी घोडदळ मात्र होतं. १४ जुलैला हाय वूड नावाच्या रानाजवळ डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन चार्ज केला होता, मशीनगनच्या जमान्यात. त्यांच्याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्सही होती. नावं आपल्याकडची असली तरी शिपाई बहुतेक जाट, शीख, राजपूत, मुसलमान.

लढाई १ जुलैला थांबली नाही हेही लोक विसरतात. १८ नोव्हेंबरपर्यंत चालली, ब्रिटिश साम्राज्याचे चार लाखांवर हताहत, फ्रेंचांचे दोन लाखांच्या आसपास, जर्मनांचे किती यावर इतिहासकार अजून भांडतात, आणि जास्तीत जास्त दहाएक किलोमीटर पुढे सरकले. सेर नोव्हेंबरात परत घ्यायला गेले, परत नाही मिळालं. शेवटी फेब्रुवारी १९१७ ला जर्मनच नवीन लाइनवर मागे गेले आणि गाव रिकामं सोडलं.

तेव्हा कुठे त्या पट्ट्यातली प्रेतं उचलता आली. बूथ सापडला तो खिशातल्या एमसीसीच्या (लंडनचा जुना क्रिकेट क्लब) सिगारेट केसवरून ओळखला, नाहीतर नऊ महिन्यांनी काय ओळखणार. त्याची बहीण मात्र तो मेलाय हे मान्यच करत नव्हती, घराच्या खिडकीत दिवा लावून ठेवायची, त्याची खोली तशीच ठेवलेली.

पलटण नंतर भरली, पण कुठूनही आलेल्या माणसांनी. १९१६ च्या सुरुवातीलाच सक्तीची भरती लागू झाली होती, आणि एका शहराची एक पलटण हा प्रकार पुढे जाणूनबुजून टाळला. मे १९१७ मध्ये गाव्रेलला परत मोठं नुकसान झालं. डिसेंबर १९१७ ला लीड्सचीच १७ वी पलटण, कमी उंचीच्या लोकांसाठी खास काढलेली, तिच्यात आणि हिच्यात मिळून एक केली. नाव झालं १५/१७ वी. १९१४ ला स्टेशनवर निरोप घेतलेले त्यात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कमी नसतील, पण फार उरलेही नव्हते. कोल्स्टरडेलला जिथे तंबू होते तिथे १९३५ मध्ये वाचलेल्यांनी दगडांचा एक मनोरा बांधला, रस्त्याच्या कडेला, अजून आहे.